पानाच्या कडेवरून कापलेली नावे

अत्यंत कृपाळू व दयाळू अल्लाहच्या नावाने आरंभ.

मी, मीर सदीद, वडिलांचे नाव मीर कमाल, आजोबा हेरातहून आलेले, धंदा सुलेखन व पानांची मांडणी, राहणार आग्रा, कागदगरांची गल्ली, वय सत्तरीच्या पुढे, हे पत्र स्वतःच्या हाताने, स्वतः कापलेल्या बोरूने आणि कोणाच्याही दडपणावाचून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डाव्या डोळ्यावर पडदा आला आहे. उजवा अजून केसाच्या जाडीचा फरक सांगतो. हाताला कंप नाही, हे या पत्रातील कोणत्याही अक्षरावरून पडताळून पाहावे. एखादे वाक्य दोन प्रकारे समजू शकते असे कोणास वाटल्यास त्याने ते पुन्हा वाचावे, म्हणजे ते एकाच प्रकारे समजेल.

धर्मशास्त्राने मला माझ्या मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्श्यापुरतीच मोकळीक दिली आहे. उरलेल्याचे वाटेकरी आधीच ठरलेले आहेत, आणि त्या वाटणीत दुरुस्ती सुचवण्याइतका मी मोठा नाही. तरीही काही वस्तूंवरून घरात धुसफूस होण्याचा संभव आहे. शिवाय एक गोष्ट अशी आहे की तिचा बंदोबस्त न करता मी गेलो, तर मला कबरीतही मान वर करता येणार नाही. म्हणून हा खटाटोप.

कलम पहिले. मी राहतो ते घर, त्याची गच्ची व अंगणातील विहीर ही माझी पत्नी गौहर हिला लग्नात कबूल केलेल्या मेहेरच्या बदल्यात मी यापूर्वीच दिलेली आहेत. तो व्यवहार काझींसमोर झालेला आहे. घर वाटणीत धरू नये. शेजारी अत्तरवाल्याने आपली भिंत आमच्या अंगणात वीतभर पुढे सरकवली आहे, हे मी त्याला वारंवार सांगितले व त्याने वारंवार ऐकून घेतले. भिंत तेथेच आहे. गौहरने त्याच्याशी भांडू नये. परंतु त्याच्या घरून आलेली मिठाई परत पाठवण्याची आमची रीत तिने चालू ठेवावी.

कलम दुसरे. बोरू कापताना जी सालपटे पडतात ती मी कधी केरात जाऊ दिली नाहीत. ती मागल्या कोठीतील मडक्यांत आहेत. लेखणीवर जगलेल्या माणसाच्या अखेरच्या आंघोळीचे पाणी त्याच्याच सालपटांच्या जाळावर तापवावे, अशी आमच्या धंद्यात चाल आहे. माझे पाणी तसेच तापवावे. गौहरचे याबाबतचे मत मला ठाऊक आहे, कारण ते तिने लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून ऐकवले आहे: "आंघोळ एकदाची आणि अडगळ जन्मभराची!" तिचे म्हणणे चूक नाही. तरी पाणी तसेच तापवावे.

कलम तिसरे. माझे कलमदान व त्यातील सर्व बोरू माझा शागीर्द शरफ यास द्यावेत. बोरू कापण्याची सुरी मात्र त्यास देऊ नये. तो दोन मुलांचा बाप झाला तरी टोकाला तिरका छेद देताना अंगठा उचलतो. सुरी लाहोरला माझ्या गुरूंच्या घराण्यात परत पाठवावी. ती मूळची त्यांचीच आहे.

अकीकाचा घोटा, ज्याने मी कागदाला झिलई आणतो, तो पोथ्यांची नक्कल करणारा कातिब मुईन यास द्यावा. हा घोटा त्याने एका ईदेच्या आधी मागून नेला व ईदेनंतर टवका उडालेल्या स्थितीत परत केला, आणि वर "तो आधीपासूनच होता" असे म्हणाला. टवक्यासह तो आता त्याचाच होईल. आधीपासून काय होते याचा विचार करण्यास त्याला निवांतपणा मिळेल.

ओळी उमटवण्याची पाटी, जिच्यावर रेशमी दोरे ताणलेले असतात व जिच्यावर कागद दाबला की न दिसणाऱ्या ओळी उठतात, ती माझी मुलगी महताब हिला मिळावी अशी माझी इच्छा आहे. ती वारस असल्यामुळे तिला वेगळे काही देण्याचा मला अधिकार नाही, हे मी जाणतो. परंतु त्या पाटीला बाजारात कोणी विचारणार नाही, आणि तिच्यावरील दोरे महताबने लहानपणी, जीभ दातांत धरून, स्वतः ओवले होते. इतर वारसांनी हरकत घेऊ नये.

कलम चौथे. शाईची कृती मी कोणासही देत नाही. ज्यांनी मागितली त्यांना काजळी खलण्याचा कंटाळा आहे, आणि ज्यांना कंटाळा नाही त्यांनी मागितली नाही.

कलम पाचवे. माझ्या बैठकीच्या पेटीत, कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यात, सहा वसल्या आहेत. वारसांपैकी ज्यांना धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी लिहितो: वसली म्हणजे कागदावर कागद खळीने चिकटवून, दाबून व घोटून केलेली जाड पाटी. वरचा व खालचा कागद चांगला असतो; आतल्या थरांत रद्दी, कातरण, पट्ट्या, काहीही जाते. कागद फेकून देण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

या सहा वसल्यांवर मी गेल्या हिवाळ्यात लिहिले. आयुष्यभर जे हातात येत नव्हते ते त्या हिवाळ्यात आले. विशेषतः सहावी. तिच्यावर चार ओळी तिरक्या, उजवीकडून वर चढत गेलेल्या आहेत, आणि त्यांच्यामधली मोकळी जागा अशी उतरली आहे की अक्षरे काढून टाकली तरी ती जागा पाहत बसावे. या वसल्या शाही किताबखान्यात ठेवल्या जाव्यात व त्यांच्याखाली माझे नाव राहावे, अशी माझी मनीषा होती. ती येथे लिहिली, कारण पुढे जे लिहायचे आहे ते तिच्यावाचून समजणार नाही.

त्याच हिवाळ्याच्या आरंभी किताबखान्यातील शिकारकथांची एक जुनी पोथी माझ्या हाती सोपवण्यात आली. ओलीने तिचे समास कुजले होते. प्रत्येक पानाचा मधला भाग, म्हणजे मजकूर व चित्र, सुरीने कापून घ्यायचा आणि नव्या, रुंद समासात बसवायचा, असे ते काम होते. नव्या पानाची मांडणी मी केली. बाहेरचा समास आतल्याच्या दुप्पट, सोन्याचा शिडकावा विरळ, चौकटीला एक निळी व दोन सोनेरी रेघा. पाहणाऱ्याची नजर कोठेही न अडखळता मजकुरापाशी जावी, अशी ती मांडणी आहे. अजूनही तीत मला खोट काढता येत नाही.

जुन्या पानांवर प्रत्येक चित्राखाली, अगदी कडेला, कोणा पूर्वीच्या ग्रंथपालाने चित्रकाराचे नाव टिपून ठेवले होते. चित्रकार स्वतः सही करीत नाहीत. त्यांचे नाव उरते ते या टिपणांतच. समासाला सुरी लावण्यापूर्वी कामाच्या प्रमुखाने टिपण मोठ्याने वाचायचे व दुसऱ्याने ते उतरवून घ्यायचे, ही रीत आहे. शरफपासून मुईनपर्यंत प्रत्येकाला ही रीत मीच शिकवली. या पोथीच्या वेळी मी ती पाळली नाही. ते अक्षर वाकडे होते. शाई फुटलेली, ओळ उतरती. माझ्या डोळ्यांना ते सहन होईना. आधी कापून घेऊ, मग पाहू, असे मी म्हणालो. आणि मग पाहिले नाही. पट्ट्या उचलून वसली करणाऱ्या पीरूकडे रद्दीत पाठवल्या.

हे मी येथे उघड करीत आहे असे कोणी समजू नये. झाडूवाल्यापासून दारोगांपर्यंत हे सर्वांना माहीत आहे. उघड करण्यासारखे काही उरले असते तर बरे झाले असते.

आमच्या गल्लीच्या टोकाला छज्जू चितारा राहतो. दोन हिवाळ्यांपूर्वी त्याचा उजवा हात गेला. आता तो हात डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवावा लागतो. त्याचे घर किताबखान्याचे आहे. ज्याचे काम शाही पोथीत नावानिशी आहे त्याला हात थकल्यावरही घर ठेवता येते. ज्याचे नाही त्याने ते सोडायचे असते. छज्जूने जन्मभर दुसऱ्यांच्या चित्रांतले रंग भरले. सबंध स्वतःचे असे एकच चित्र त्याच्या नावावर होते, नदी ओलांडणारा हत्ती, आणि ते याच पोथीत होते.

वसंतात किताबखान्याचे नवे दारोगा इनायत बेग यांनी घरांची चौकशी काढली, तेव्हा छज्जू दालनात पोथीपाशी आला. दारोगांनी हत्तीचे पान उघडले. पान सुरेख दिसत होते. खाली काहीही नव्हते.

"मीरसाहेब," दारोगा म्हणाले, "इथं नाव कुणाचं होतं?"

"लक्षात नाही."

"वाचलं तर असेल?"

"अक्षर चांगलं नव्हतं," मी म्हणालो.

सबंध दालनात घोट्यांचा आवाज थांबला. छज्जू पानावर वाकला. त्याच्या हत्तीच्या सोंडेचे टोक चौकटीच्या रेघेबाहेर आलेले आहे. कापताना मी सुरी वळवून ते जपले होते व त्याभोवती नवी रेघ तोडून घेतली होती. त्याने ते बोटाने दाखवले.

"वाहवा, मीरसाहेब! हत्तीचं नाक राखलंत आणि माझं कापलंत!"

लोक हसले. मीही हसलो. त्या क्षणी मी दुसरे काहीही करू शकलो असतो, खोकू शकलो असतो. पण मी हसलो.

दारोगा वाईट मनुष्य नाहीत. ते म्हणाले, "छज्जू, तुझा शब्द मी मानतो. पण तुझ्या बाजूच्या घरातल्या चित्रकार उस्तादांची पोरंही म्हणतात की हत्ती आमच्या वडिलांचा. लिहिलेलं दाखव. पोथी बादशाह सलामतांबरोबर काश्मीरला निघेपर्यंत थांबतो."

"लिहिलेलं यांनी कापलं आणि दाखवायचं मी?" छज्जू म्हणाला. "बरं आहे तुमचं दफ्तर."

घरी पोहोचण्याआधीच मला आठवले की त्या पट्ट्या कोठे आहेत. त्या रद्दीतून पीरूने ज्या वसल्या केल्या त्याच त्याने मला आणून दिल्या होत्या, आणि त्यांच्यावरच मी लिहिले होते. नाव शोधायचे तर वसल्या भिजवाव्या लागतील. आमची शाई म्हणजे काजळी आणि डिंक. ओले कापड लागताच वरची उठते. आतली, थरांमध्ये दाबलेली, राहते, कारण तिला कापड लागत नाही. म्हणजे माझे जाईल आणि त्याचे मिळेल.

मी काय केले? काही नाही. मी मनाशी म्हणालो, कदाचित छज्जू खोटे बोलत असेल. हत्ती खरोखर चांगला आहे. कदाचित तो उस्तादांचाच असेल. त्या 'कदाचित'च्या आडोशाला मी वसंत काढला आणि उन्हाळा काढला. तो रस्त्यात भेटला की मी मशिदीच्या बाजूने वळत असे. नमाजाची वेळ नसतानाही वळत असे, आणि पेशइमाम मला लवकर आल्याबद्दल शाबासकी देत.

सबब माझा हुकूम असा: माझ्या मृत्यूनंतर पीरूने या सहाही वसल्या भिजवून उकलाव्यात, आतल्या पट्ट्यांवर जी नावे मिळतील ती दारोगांपुढे ठेवावीत, आणि छज्जूचे घर राखावे.

*

वरील कलम आता रद्द आहे. ते खोडलेले नाही, कारण खाडाखोड केलेले पान मी आजवर कोणाच्या हाती दिले नाही. परंतु ते रद्द आहे. त्याचे कारण येणेप्रमाणे.

हुकूम ज्याने बजावायचा त्याला तो कळलेला असावा, म्हणून मी पीरूला बोलावून पाचवे कलम वाचून दाखवले. पीरू वसली करतो; त्याच्या नखांत कायम खळ असते. त्याने सगळे शांतपणे ऐकले.

"मीरसाहेब, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"विचार."

"तुमचा जायचा बेत साधारण कधीचा आहे?"

पडद्याआडून गौहर म्हणाली, "अरे पीरू, यांच्या अब्बांनी नव्वदी ओलांडली होती, तीही सगळ्या दातांनिशी. यांनाही काल अख्खं खरबूज लागलं."

"तेच म्हणतो, भाभीसाहेब. म्हणजे तोवर छज्जूकाकानं यमुनेच्या वाळूत पथारी टाकायची का?"

"वाळूत कशाला?" गौहर म्हणाली. "आपल्या कोठीत झोपेल, सालपटांच्या मडक्यांवर. आणि अहो, लिहिलंय छान हं तुम्ही. हुकूम काय, सबब काय! मेल्यावर भिजवणार म्हणे. आत्ता तुमच्या हातांना मेंदी लागलीय का?"

मला राग आला. मी म्हणालो की बायकांना सुलेखनातले कळत नाही. गौहर म्हणाली, "सुलेखनातलं नाही कळत. तुम्ही गल्लीच्या त्या टोकाला जायचं टाळता, तेवढं कळतं. दही आणायलासुद्धा तिकडून जात नाही तुम्ही."

मी पाचवे कलम पुन्हा वाचले. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष होते. त्याचा अर्थ मात्र एवढाच होत होता की, मला माझी अक्षरे पुसली जाताना पाहायची नाहीत, आणि त्यासाठी शेजाऱ्याने बेघर व्हावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी छज्जूकडे पीरूला पाठवून त्याला बोलावून घेतले. स्वतः गेलो नाही, हेही येथे नोंदवतो. तो आला, हात मांडीवर नीट ठेवून ओट्यावर बसला. मी पेटी उघडली, सहाही वसल्या चटईवर मांडल्या आणि सगळे सांगितले. सांगताना माझ्या मनात काय होते ते लिहिणे मला जड जाते, तरी लिहितो. मला वाटले होते, तो या अक्षरांकडे पाहील आणि म्हणेल, राहू द्या, मीरसाहेब, असं काम कसं पुसायचं? मग मी आग्रह करीन. मग तो पुन्हा नको म्हणेल. आम्ही दोघेही चांगले ठरू, आणि वसल्या राहतील.

छज्जूने सहाव्या वसलीकडे बराच वेळ पाहिले.

"हे तुम्हाला वसंतापासून ठाऊक होतं?"

"होय."

"आणि मी वसंतापासून रोज संध्याकाळी भांडीकुंडी मोजतोय. कुठली न्यायची, कुठली विकायची." तो पीरूकडे वळला. "पाणी आण रे."

तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "काय? मी नको म्हणेन असं वाटलं होतं?"

मी रिकामी पेटी मिटून बाजूला सरकवली.

पीरूने अंगणात सावलीत फळी ठेवली. पहिल्या वसलीच्या खाली-वर ओली मलमल पसरून तो थांबला. दुपारच्या अजानीनंतर त्याने मलमल उचलली, तेव्हा माझी अक्षरे कापडावर आली होती, उलटी, फुगलेली. मग त्याने नखाने एकेक थर सोडवला. पहिल्या वसलीत दोन पट्ट्यांवर नावे निघाली. दोघेही चित्रकार मला माहीत होते. एकाच्या मय्यतीला मी गेलो होतो. दुसरीत काही नव्हते. तिसरीत एक नाव अर्धे कापलेले निघाले, चौथीत एक पूर्ण. प्रत्येक वेळी पीरू पट्टी माझ्यापुढे धरी व मी मोठ्याने वाचत असे, शरफ उतरवून घेत असे. जी रीत सुरी लावण्याआधी पाळायची ती मी अशी पाळत होतो. छज्जू प्रत्येक नावाला विचारी, "मी?" आणि मी म्हणे, "नाही."

चौथ्या वसलीनंतर तो म्हणाला, "मीरसाहेब, मी खोटं बोलतोय असं वाटतंय ना तुम्हाला?"

"वाटलं होतं."

"आत्ता?"

"आत्ता भीती वाटतेय की पट्टी वाळवीनं खाल्ली असेल."

तो प्रथमच थोडा हसला. "मग आपण दोघं एकाच भीतीत आहोत. बसा खाली, पडाल."

पाचव्या वसलीत, तिसऱ्या थराखाली, ती पट्टी होती. शाई अर्धी कागदाला आणि अर्धी शेजारच्या थराला चिकटून उलटी उमटली होती. दोन्ही शेजारी शेजारी धरले तेव्हा वाचता आले: 'नदी ओलांडणारा हत्ती, काम छज्जूचे.' अक्षर वाकडे होते. ओळ उतरती होती. मी ते मोठ्याने वाचले, आणि मग पुन्हा एकदा वाचले.

छज्जूने डोळे मिटले. गौहरने पडद्याआडून सरबत पाठवले. पीरू हात पुसू लागला.

"झालं मग," तो म्हणाला. "सहावी उचलून ठेवू पेटीत?"

सहावी फळीपाशी कोरडी पडली होती. तिच्या आत आणखी कोणाचे नाव असेल, नसेल; असलेच तर तो मेलेला असेल आणि त्याच्या वतीने घर मागायला कोणी येणार नव्हते. मी छज्जूकडे पाहिले. पाहायला नको होते.

"माझ्याकडे काय बघता?" तो म्हणाला. "माझं सापडलं."

मी स्वतः मलमल भिजवली. पीरू म्हणाला, "मीरसाहेब, मी करतो." मी म्हणालो, "नको." चारही तिरक्या ओळी कापडात आल्या. थर सोडवले. आत कोऱ्या पट्ट्या निघाल्या, सगळ्या कोऱ्या. एकीवरही काही लिहिलेले नव्हते.

मला वाईट वाटले. आणि वाईट वाटले याची जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही.

कलम सहावे. वसल्यांची वाटणी करण्याचे कारण उरलेले नाही. त्या मलमलीचे काय करावे, असे गौहरने विचारले होते. ती धुवावी. मलमल चांगली आहे.

दारोगांनी पट्ट्या पाहिल्या, छज्जूचे घर त्याच्या नावे कायम केले, आणि जी नावे मिळाली ती नव्या समासात मीच लिहावीत असे फर्मावले. ती मी लिहिली आहेत. जी मिळाली नाहीत त्या चित्रांखालची जागा मोकळी आहे. पोथी पाहणाऱ्यांनी ती माझी सही समजावी.

हत्तीच्या पानावर लिहिताना छज्जू शेजारी उभा होता. त्याला वाचता येत नाही. मी बोरू उचलल्यावर त्याने विचारले, "यातला मी कुठला?"

मी दाखवले.

"एवढासा?" तो म्हणाला. "एवढ्या जागेत माझ्या हत्तीची पापणीसुद्धा मावली नसती."

मी म्हणालो की समासातील टिपण मजकुराच्या चतुर्थांशापेक्षा मोठे असू नये, असा मांडणीचा नियम आहे. तो म्हणाला, "नियम तुमचाच असेल." नियम माझाच आहे. तो मी बदलला नाही. बदलला असता तर पान बिघडले असते, आणि ते पान आता त्याचे आहे. मग, परत निघताना, मी त्याला म्हणालो, "छज्जू, मनात काही ठेवू नकोस."

"मनात काय ठेवायचं ते माझं मी बघेन," तो म्हणाला. "घर राहिलं, तेवढ्याचं बोला."

कलम सातवे व अखेरचे. आमच्याकडे मय्यतीच्या नमाजानंतर जमलेल्यांना विचारण्याची चाल आहे, की या माणसाकडून कोणाला काही दुखले असेल तर त्याला माफ करा. लोक 'माफ केलं' म्हणतात. बहुतेकांना घरी जाऊन जेवायचे असते. माझ्या वेळीही विचारावे; मला त्याची गरज इतरांहून अधिक आहे. छज्जू तेथे येईल, कारण तो शेजारी आहे व शेजाऱ्याच्या दारी उभे राहणे त्याने कधी चुकवलेले नाही. तो मागे, काढून ठेवलेल्या जोड्यांपाशी, उभा राहील. त्या वेळी कोणीही वळून त्याच्याकडे पाहू नये. पीरूने त्याला कोपराने खुणावू नये. गौहरने आधी किंवा नंतर निरोप पाठवू नये, जेवणाचे ताट पाठवताना त्याबरोबरही पाठवू नये. त्याने तोंड उघडले तर त्याचा मोठेपणा. न उघडले तर तो त्याचा हक्क आहे, आणि तो हक्क मी त्याला या पत्राने पुन्हा एकदा देतो, वास्तविक तो माझ्या देण्याचा नाही तरी. आणि शरफने, त्याला नेहमी घाई असते म्हणून लिहितो, पुढे होऊन 'सगळ्यांनी माफ केलं' असे जाहीर करू नये. ज्यांनी केले त्यांनी केले असे म्हणावे. 'सगळ्यांनी' हा शब्द कदाचित चुकीचा ठरेल, आणि माझ्या मय्यतीवर चुकीचा शब्द उच्चारला जाऊ नये.

वरील सर्व मजकूर मी पूर्ण शुद्धीवर लिहिला, लिहून झाल्यावर साक्षीदारांना वाचून दाखवला, आणि त्यांच्यासमोर सही केली. साक्षीदार निवडताना या पत्रातून ज्यांना काहीही मिळत नाही असेच दोघे निवडले आहेत.

लिहिणार: मीर सदीद, वल्द मीर कमाल. सही.

साक्षीदार: मुल्ला रुस्तम, पेशइमाम, कागदगरांची मशीद. सही व मोहोर. (पेशइमामांनी येथे 'लवकर येणारा पुण्यवान' असा माझा उल्लेख घालू इच्छिला, तो मी घालू दिला नाही.)

साक्षीदार: पीरू, वल्द ईदू, वसली करणारा. अंगठा. खळीचा डाग त्याचाच आहे.

मुक्काम आग्रा. महिना शाबान, हिजरी सन एक हजार अठ्ठावीस.